अवघडलेल्या आणि ओल्या बाळंतिणीला हालतं-चालतं ठेवायचं तर

दिवस राहिल्याचं कळलं की तिच्या हातातली पिशवी कोणीतरी काढून घेतं आणि "आता जपून हं" हे पालुपद सुरू होतं. हा लेख ते पालुपद म्हणणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे नवरा, आई, सासू, बहीण, जवळची मैत्रीण, ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी. आणि व्यायामाचा वर्ग घेणारी ती प्रशिक्षक, जिच्यासमोर गरोदर बाई पहिल्यांदाच येऊन उभी राहिली आहे.

कोणते व्यायाम करायचे याची माहिती कुठेही मिळते. तरीही बहुतेक बायकांची हालचाल गरोदरपणात कमी होते आणि बाळ झाल्यावर तर जवळजवळ थांबते. माझ्या मते त्यामागे आळस क्वचितच असतो. एक तर भीती असते, तिची कमी आणि भोवतालच्यांची जास्त. आणि दुसरं म्हणजे वेळ नसतो. साथ द्यायची म्हणजे या दोन गोष्टींवर काम करायचं. बाकी सगळं त्यामानानं सोपं आहे.

पायरी 1: आधी स्वतःची भीती तपासा

चालल्यानं, वाकल्यानं, जिना चढल्यानं पोटातल्या बाळाला धक्का बसेल, ही समजूत खोल रुजलेली आहे. एकेकाळी तज्ज्ञही धास्तावलेले होतेच. 1985 साली अमेरिकेतल्या स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं होतं की गरोदर बाईनं व्यायाम करताना नाडीचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ देऊ नयेत आणि दमवणारा व्यायाम 15 मिनिटांपेक्षा जास्त करू नये. 1994 मध्ये त्याच संघटनेनं ठोक्यांची ही मर्यादा काढून टाकली. तरी 140 चा आकडा आजही कोणी ना कोणी ऐकवतंच.

आजचं चित्र बरंच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ज्यांना वैद्यकीय अडचण नाही, अशा गरोदर आणि बाळंत बायकांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी, सोबत स्नायूंना ताकद देणारे व्यायामही करावेत. कॅनडातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं. अशा व्यायामाचा गर्भपाताशी, वेळेआधीच्या बाळंतपणाशी किंवा कमी वजनाच्या बाळाशी संबंध दिसला नाही. उलट गरोदरपणातला मधुमेह, रक्तदाब, प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार), लघवी गळणं आणि नैराश्य यांचा धोका कमी झालेला दिसला. मधुमेह आणि रक्तदाबाच्या बाबतीत ही घट लहानसहान नव्हती, चाळीस टक्क्यांच्या आसपास होती.

तेव्हा "काही होणार नाही ना?" हा प्रश्न तिच्यासमोर रोज विचारू नका. तो एकदाच, नीट, डॉक्टरांना विचारा.

पायरी 2: डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं

"व्यायाम केला तर चालेल का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "चालेल, पण बेतानं." हे ऐकून घरी आल्यावर काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी प्रश्न असे विचारा: हिच्या तब्येतीत असं काही आहे का, ज्यामुळे हिनं व्यायाम करूच नये? असं काही आहे का, ज्यामुळे काही विशिष्ट हालचाली टाळायला हव्यात? आणि पुढच्या कोणत्या तपासणीनंतर हे उत्तर बदलू शकतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" असू शकतं. सहावा महिना सरल्यावरही वार खाली असणं, दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत वारंवार अंगावरून रक्त जाणं, गर्भपिशवीचं तोंड सैल असल्यामुळे टाका घातलेला असणं, पाणी गेलेलं असणं, वेळेआधी कळा सुरू होण्याची चिन्हं, प्रीएक्लॅम्पसिया, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार, तीव्र रक्तक्षय. अशा वेळी व्यायामाचा आग्रह धरायचा नाही. जुळं-तिळं असेल, आधी वेळेआधी बाळंतपण झालं असेल, रक्तदाब किंवा थायरॉइड आटोक्यात नसेल, तर निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.

आणि विश्रांती सांगितली गेली तर ती कशासाठी, किती दिवस आणि त्या काळात काय चालेल, हे विचारून घ्या. नुसत्या "बेडरेस्ट" या शब्दावर घरी येऊ नका. कारण घरात त्याचा अर्थ खाटेवरून पायही खाली ठेवायचा नाही असा होतो, आणि डॉक्टरांच्या मनात कदाचित जड उचलू नका, लांबचा प्रवास टाळा एवढंच असतं. दिवसचे दिवस पडून राहिल्यानं स्नायूंची ताकद जाते आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. वेळेआधीचं बाळंतपण टळावं म्हणून सरसकट बेडरेस्ट देण्याला तज्ज्ञांचा आता पाठिंबा नाही.

पायरी 3: ती कुठून सुरुवात करतेय ते पाहा

आधी फारशी हालचाल नसलेल्या बाईनं गरोदरपणात सुरुवात केली तर चालते का? चालते. फक्त पहिल्याच दिवशी अर्धा तास नको. 10-15 मिनिटांचं चालणं, आठवड्यातून तीन दिवस, एवढंही पुष्कळ झालं. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत महिना-दीड महिन्यात रोजच्या 20-30 मिनिटांपर्यंत पोचता येतं. 150 मिनिटं एकत्र करायची नसतात, दिवसाचे दोन-तीन तुकडे केले तरी हिशोबात धरायचे.

जी आधीपासून धावते, पोहते, जिमला जाते, तिला बहुतेक वेळा आपलं चालू ठेवता येतं. पोट वाढेल तसा जोर ती स्वतःच कमी करते. तिच्या बाबतीत तुमचं काम एकच: तिच्या वाटेत उभं राहायचं नाही.

2014 साली अमेरिकेची धावपटू अलिशिया मोंटान्यो 34 आठवड्यांची गरोदर असताना 800 मीटरची शर्यत धावली, तिचे फोटो जगभर गेले. असे फोटो "बघ, ती करते" म्हणून दाखवू नका. ती व्यावसायिक खेळाडू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आयुष्यभराच्या सरावावर धावत होती. साध्या बाईला त्या फोटोनं हुरूप कमी येतो आणि आपण कमी पडतोय असं जास्त वाटतं.

मग घरकाम? हा प्रश्न येतोच, आणि बऱ्याचदा सोयीस्करपणे येतो. लादी पुसणं, जिने चढणं-उतरणं ही हालचाल आहेच. पण ओट्याशी तासभर उभं राहून केलेलं काम पाठ आणि पाय दुखवतं, दम वाढवत नाही. दिवसभर घरकाम करून दमलेल्या बाईला "झाला की व्यायाम" म्हणणं म्हणजे तिचा स्वतःचा अर्धा तास काढून घेणं. काम कोणीतरी वाटून घ्यावं आणि चालायला तिनं मोकळ्या हातांनी जावं.

पायरी 4: जोर किती, हे बोलण्यावरून ओळखा

गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्यानं वाढतं, हृदय जास्त रक्त ढकलतं आणि बसल्या जागीही ठोके मिनिटाला 10-20 नी वाढलेले असतात. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नका. साधी कसोटी बोलण्याची. चालताना ती पूर्ण वाक्यं बोलू शकते पण गाणं म्हणता येत नाही, तर जोर बरोबर आहे. दर दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर वेग कमी करा. आरामात गाणं म्हणता येत असेल तर थोडं झपझप चाला.

सोबत चालणाऱ्याचा खरा उपयोग इथे होतो. गप्पा मारत राहा, कसोटी आपोआप होत राहते. फक्त वेग तिचा असू द्या. चार पावलं पुढे जाऊन वळून बघत उभा राहणारा जोडीदार ही सोबत नव्हे.

पायरी 5: काय काय करता येतं

चालणं सगळ्यांत सोपं. पोहणं किंवा पाण्यात उभं राहून करायचे व्यायाम तर शेवटच्या महिन्यांत वरदान, कारण पाणी पोटाचं ओझं उचलून धरतं आणि पायांची सूजही उतरते. जागेवरची सायकल चालते, तिच्यावरून पडण्याची भीती नसते. गरोदर बायकांसाठीचे योगवर्ग चालतात, फक्त गरम खोलीतले नकोत.

ताकदीच्या व्यायामांना बायका बिचकतात, आणि नेमके तेच पुढे कामाला येतात. बाळ उचलायचं, पाळण्यात वाकून ठेवायचं, एका कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं दार उघडायचं, हे सगळं पाठ, मांड्या आणि दंडांचं काम आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकवून केलेले दंड, हलके डंबेल किंवा पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर-खाली करणं, ताणायच्या रबरी पट्ट्या. आठवड्यातून दोनदा पुरे. दोन नियम पाळायचे: जोर लावताना श्वास सोडायचा, आणि कुंथायचं नाही.

आता जो व्यायाम कुणाला दिसत नाही आणि म्हणून सगळ्यांत जास्त राहून जातो, तो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय तिनं पेललेले असतात. नऊ महिने तिच्यावर भार वाढत जातो आणि बाळंतपणात ती ताणली जाते. मग खोकताना, शिंकताना, हसताना लघवीचे थेंब गळतात. अमेरिकी डॉक्टर आर्नोल्ड कीगल यांनी 1948 मध्ये या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्याला कीगल व्यायाम म्हणतात.

तो करायचा असा. बसून किंवा कुशीवर पडून. वायू सरू नये म्हणून मागची जागा आवळतो तशी आवळायची, आणि त्याच वेळी लघवी रोखल्यासारखं पुढूनही आत-वर खेचायचं. पोट, मांड्या, कुल्ले सैलच राहिले पाहिजेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडणं अर्धं काम आहे, ते घाईत उरकू नका. आठ-दहा वेळा केलं की एक फेरी झाली, दिवसातून अशा तीन फेऱ्या. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत वाढवायचं. सोबत काही वेळा झटकन आवळून झटकन सोडायचं, कारण शिंक काही मोजून येत नाही. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करू नये, त्यानं मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

नवऱ्यानं यात काय करायचं? आठवण करून द्यायची, आणि विषय निघाला की हसायचं नाही. लघवी गळते हे बायका वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. सांगितल्यावर समोरचा कसा वागतो यावर पुढचं सगळं ठरतं.

पायरी 6: काय नको

पडण्याची किंवा पोटावर मार बसण्याची शक्यता असलेलं काहीही नको: घोडेस्वारी, बर्फावरून घसरणं, कुस्ती-कराटे, फुटबॉल-बास्केटबॉलसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ. पाण्याखाली खोल बुडी मारण्याचा खेळ, म्हणजे स्कूबा, पूर्ण बंद. सवय नसताना फार उंच डोंगराळ भागात जाऊन व्यायाम नको.

पहिली तिमाही सरली की पाठीवर उताणं पडून करायचे व्यायाम टाळा. वाढलेली गर्भपिशवी मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते आणि चक्कर येऊ शकते. तेच व्यायाम कुशीवर, बसून किंवा उभ्यानं करता येतात. दमट उकाड्यात व्यायाम नको, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत शरीराचं तापमान फार वाढणं बाळासाठी चांगलं नाही. पाणी आधी, मध्ये आणि नंतर. उपाशीपोटी नको.

पायरी 7: थांबायच्या खुणा पाठ करा

ही यादी तिला नाही, तुम्हाला पाठ हवी. ती "काही नाही, होतं असं" म्हणून पुढे चालत राहू शकते.

- अंगावरून रक्त जाणं, किंवा पाणी गेल्यासारखं वाटणं
- पोटात दुखणं, ठरावीक अंतरानं येणाऱ्या दुखऱ्या कळा
- व्यायाम सुरू करण्याआधीच धाप लागलेली असणं, छातीत दुखणं
- चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जोराची डोकेदुखी
- पाय लटपटणं, तोल सांभाळता न येणं
- एकाच पोटरीत दुखणं किंवा सूज येणं
- बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवणं

यातलं काहीही झालं की थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. ओटीपोटाच्या पुढच्या हाडात किंवा कंबरेच्या खाली एका बाजूला कळ येत असेल तर तो आणीबाणीचा प्रसंग नव्हे, पण फिजिओथेरपिस्टकडे जाण्याचं कारण नक्की आहे. तोपर्यंत पावलं लहान टाकायची, एका पायावर उभं राहून कपडे घालायचे नाहीत, कुशी बदलताना दोन्ही गुडघे जोडून वळायचं.

महिन्यांप्रमाणे साथ बदलते

पहिले तीन महिने मळमळ आणि झोप. सकाळी ठरवलेलं चालणं सकाळी होईलच असं नाही, म्हणून वेळ तिच्यावर सोडा. दुपारी चारला जरा बरं वाटलं तर दुपारी चारला निघायचं. एखादा आठवडा काहीच झालं नाही तरी बिघडत नाही.

मधले तीन महिने बहुतेकींना बरे जातात. सवय लावायची ती याच काळात.

शेवटच्या तिमाहीत शरीराचा तोल पुढे जातो, सांधे सैलावतात, आणि साध्या गोष्टी अडतात. आठव्या-नवव्या महिन्यात बुटाची नाडी बांधणं हे एक स्वतंत्र काम होऊन बसतं. पोट मध्ये येतं, श्वास कोंडतो, पाय सुजल्यामुळे बूट घट्ट बसतो. एवढ्यासाठी फिरणं रद्द होऊ शकतं, आणि होतंही. खाली बसा, नाडी बांधा. किंवा अर्धा नंबर मोठे, नाडी नसलेले बूट आणा. पोटाला खालून आधार देणारा पट्टा काहींना सुखावतो. छातीला नीट आधार देणारी ब्रा लागते, आणि मापं बदलत जातात म्हणून ती एकदाच घेऊन भागत नाही. रस्ता निवडताना मध्ये बसायला जागा आणि स्वच्छतागृह असलेला निवडा. दर अर्ध्या तासाला लघवीला लागणाऱ्या बाईला ते नसलेल्या रस्त्यावर पाठवणं म्हणजे तिला घरातच बसवणं.

बाळंतपणानंतर: पहिले सहा आठवडे

इथे दोन टोकं दिसतात. एकीकडे तिला उठूच न देणारी माणसं, दुसरीकडे "पोट कधी उतरणार?" विचारणारी. दोघांनाही जरा लांब ठेवा.

बाळंतपण साधं झालं असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून खोलीतल्या खोलीत चालणं सुरू करता येतं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे पायात रक्ताची गुठळी होण्याच्या दृष्टीनं सर्वाधिक जोखमीचे असतात, त्यामुळे थोडं थोडं उठून फिरणं हा उपचारच समजा. पलंगावर पडल्या पडल्या घोटे वर-खाली आणि गोल फिरवणंही चांगलं. लघवीची नळी काढलेली असेल आणि लघवी नीट होत असेल, तर कीगल हलकेच सुरू करायला हरकत नाही. टाके असले तरी. दुखत असेल तर त्या दिवशी सोडून द्या.

सिझेरियन म्हणजे पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे, हे घरातले लवकर विसरतात, कारण बाई बाळाला घेऊन बसलेली दिसते. पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही तिनं उचलायचं नाही. पाण्याची बादली नाही, आणि मोठं मूल "मला पण घे" म्हणालं तरी ते नाही. त्याला तिच्या शेजारी बसवा, तिच्या कडेवर नको. उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी गुडघे वाकवायचे, कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हातानं रेटा देत उठायचं. खोकताना-हसताना टाक्यांवर छोटी उशी दाबून धरायची. व्यायामाला केव्हा सुरुवात करायची हे तिच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचं.

जास्त झालं हे कळण्याची एक खूण आहे: कमी होत आलेला रक्तस्राव फिरून आल्यावर पुन्हा वाढतो किंवा पुन्हा लालभडक होतो. तसं झालं तर दोन दिवस मागे यायचं. तासाभरात पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप असेल, जोरात डोकं दुखून दिसायला अंधुक होत असेल, छातीत दुखत असेल किंवा एक पोटरी सुजली असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

अंगावर पाजणाऱ्या आयांना सांगितलं जातं की व्यायामानं दूध आटतं किंवा आंबतं. मध्यम व्यायामानं दुधाचं प्रमाण कमी होत नाही, त्याचा कसही बदलत नाही आणि बाळाच्या वाढीवरही परिणाम होत नाही. निघण्याआधी पाजून घेतलं की छाती हलकी राहते आणि बाळही शांत असतं, एवढं केलं की झालं.

सहा आठवड्यांनंतर

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत सगळं ठीक निघालं म्हणजे सगळं पूर्ववत झालं असं नव्हे. चालणं वाढवा, ताकदीचे व्यायाम हलक्या वजनानं सुरू करा. पोटाचे दोन उभे स्नायू गरोदरपणात मधोमध एकमेकांपासून दूर गेलेले असतात, बहुतेकींमध्ये थोडेफार जातातच. उताणं पडून डोकं उचलल्यावर पोटाच्या मध्यरेषेवर उंचवटा उभा राहत असेल, तर उठून बसायचे जोरदार व्यायाम आणि प्लँक (कोपर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं) इतक्यात नकोत. आधी श्वास सोडत खालचं पोट हलकेच आत ओढण्यापासून सुरुवात.

धावण्याची घाई करणाऱ्यांसाठी: ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी 2019 मध्ये मांडलेल्या शिफारशीनुसार बाळंतपणानंतर 12 आठवडे होण्याआधी धावू नये, आणि बऱ्याच जणींना तीन ते सहा महिने लागतात. त्याआधी अर्धा तास चालणं, एका पायावर दहा सेकंद तोल सांभाळणं, जागच्या जागी मिनिटभर हळू धावणं आणि एका पायावर दहा उड्या, हे सगळं न दुखता, न गळता आणि खाली काही उतरल्यासारखं जड न वाटता जमलं पाहिजे. यातलं काही जाणवलं तर ते "बाळंतपणानंतर असंच असतं" म्हणून सोडू नका. पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या त्या झोळीचं, काम करणारे फिजिओथेरपिस्ट असतात, आणि या तक्रारी बऱ्याचदा त्यांच्याकडे सुधारतात.

खरी मदत: अर्धा तास मोकळा करून देणं

"जा ना, फिरून ये" हे वाक्य मदतीचं वाटतं, पण तसं नसतं. ते ऐकून ती जाते का बघा. जात नाही. कारण जाण्याआधी बाळाला पाजायचं, कपडा बदलायचा, झोपवायचं, मागे कोणी रडलं तर काय करायचं ते सांगायचं. एवढं करेपर्यंत तिची ताकद संपते. आणि निघाली तरी दहाव्या मिनिटाला फोन: "हा रडतोय, टोपी कुठे ठेवलीस?"

त्याऐवजी असं करून बघा. वेळ आधीच ठरवा, आणि ती वेळ तुमच्या जबाबदारीची समजा. बाळ पाजून झालं की ते तुमच्याकडे. ढेकर तुम्ही काढायची, कपडा तुम्ही बदलायचा, टोपी तुम्ही शोधायची. रडलं तर कडेवर घेऊन फिरायचं. अर्ध्या तासात ताप किंवा इजा सोडून कशासाठीही फोन करायचा नाही. आणि ती परत आल्यावर रडण्याचं साग्रसंगीत वर्णन ऐकवायचं नाही. ते ऐकलं की ती उद्या जाणार नाही.

रात्री झोप झालेली नसेल तर हाच अर्धा तास तिला झोपायला द्या. चालणं उद्या होईल. बाळाला ढकलगाडीत घेऊन सगळ्यांनी फिरायला जाणं छानच, पण ते या अर्ध्या तासाच्या बदल्यात मोजू नका.

वजनाचा विषय तुम्ही काढायचा नाही. कौतुकानंही नाही. आरशासमोर ती स्वतः पुरेसा काढत असते. "आज किती कॅलरी गेल्या" ऐवजी "पाठ कशी आहे?" विचारा.

चालण्यानं मन हलकं होतं, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणंही व्यायामानं कमी होताना दिसतात. पण व्यायाम हा त्याचा एकमेव इलाज नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रडू येत असेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी, आणि तोवर तिला एकटं सोडू नका. अशा बाईला "जरा फिरून ये, बरं वाटेल" म्हणून परतवू नका.

वर्ग घेणाऱ्या नव्या प्रशिक्षकांसाठी थोडं

वर्गात येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी एकटीला बाजूला घेऊन विचारा: किती आठवडे, डॉक्टर काय म्हणाले, आधी काय करत होतीस, कुठे दुखतं. बाळंत झालेलीला विचारा: किती आठवडे झाले, साधं की सिझेरियन, काही गळतं का, खाली जड वाटतं का. हे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले तर खरी उत्तरं मिळत नाहीत. पोट वरवर न दिसण्याचा काळही असतो, कधी कोणी दिवस राहिल्याचं सांगितलेलंच नसतं. म्हणून वर्ग सुरू होताना "कोणाच्या तब्येतीत काही बदल असेल तर नंतर मला सांगा" एवढं रोज म्हणायची सवय ठेवा.

बाळ घेऊन आलेल्या आईला परत पाठवू नका. कोपऱ्यात एक चटई टाका, मध्येच पाजायला बसली तर बसू द्या, उशिरा आली तरी आत घ्या. वर्गाची वेळ ठरवताना बायकांनाच विचारा, बाळ सकाळी दहाला झोपतं की अकराला हे त्यांनाच ठाऊक असतं. ऑफिसातल्या सहकाऱ्यानंही मीटिंग उभ्यानं किंवा चालत घ्यायला सुचवावं, आणि तिला तासन्‌तास एका जागी बसवू नये. दर अर्ध्या-पाऊण तासानं ती उठली तर कशासाठी उठली हे विचारायची गरज नाही.